फाईल सिस्टम बदलूनही डेस्कटॉप ‘रीड-ओन्ली’ होत राहतो तेव्हा

आधी लक्षणं. (फाईल सिस्टम म्हणजे डिस्कवर फाईली कुठे नि कशा ठेवायच्या याची पद्धत; ‘रीड-ओन्ली’ म्हणजे वाचता येतं, लिहिता येत नाही.) लिनक्सवरचा घरचा डेस्कटॉप सुरू होतो, फोल्डर उघडतात, पण काही सेव्ह करायला गेलं की ‘रीड-ओन्ली फाईल सिस्टम’ असं उत्तर येतं. रीस्टार्ट केलं की काही दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. दुसऱ्या प्रकारात डिस्कवर भरपूर जागा मोकळी दिसते आणि तरीही कॉपी करताना ‘नो स्पेस लेफ्ट’ येतं. तिसऱ्या प्रकारात एखादा जुना फोटो ‘इनपुट-आउटपुट एरर’ देतो आणि त्याच फोल्डरमधले बाकीचे फोटो ठणठणीत असतात. चौथा प्रकार घाम फोडणारा आहे. मशीन सुरूच होत नाही आणि काळ्या स्क्रीनवर ‘पेरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड’ अशी ओळ दिसते.

मे महिन्याच्या शेवटी वळीव सुरू झाला की नाशिकमध्ये या तक्रारी वाढतात, मग ते सिडको असो, सातपूर असो की पंचवटीतला जुना वाडा. आणि विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा एक उपाय आधीच करून झालेला असतो: ईएक्सटी-४ ही फाईल सिस्टम काढून बीटीआरएफएस टाकलेली असते, किंवा बीटीआरएफएसला शिव्या घालत पुन्हा ईएक्सटी-४ वर आलेला असतो. आता त्याला विचारायचं असतं की झेडएफएस टाकू का? ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली गत आहे. वीज, केबल, रॅम आणि डिस्क तपासल्याशिवाय फाईल सिस्टम निवडायला बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचं कारण या फाईल सिस्टमच्या कामाच्या पद्धतीत आहे. बीटीआरएफएस आणि झेडएफएस डेटाच्या प्रत्येक ब्लॉकसोबत त्याचा चेकसम, म्हणजे त्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, लिहून ठेवतात आणि वाचताना तो ताडून बघतात. जुळला नाही तर फाईल द्यायला नकार देतात. ईएक्सटी-४ स्वतःच्या नोंदींचा, म्हणजे मेटाडेटाचा, चेकसम ठेवते. तुमच्या फोटोच्या आतल्या मजकुराचा ठेवत नाही. त्यामुळे खराब केबलमुळे लग्नाच्या अल्बममधला एक फोटो बिघडला, तर ईएक्सटी-४ वर तो अर्धा राखाडी पट्टा होऊन उघडतो आणि तुम्हाला ते दोन वर्षांनी कळतं. बीटीआरएफएसवर तीच चूक एरर म्हणून समोर येते. लोक म्हणतात, ‘नवी फाईल सिस्टम टाकल्यापासून त्रास सुरू झाला.’ त्रास आधीपासून होता, फक्त दिसत नव्हता.

पहिली गोष्ट: मशीन रीड-ओन्ली झालं तरी वाचता येत असेल, तर महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर आत्ताच उतरवून घ्या. रीड-ओन्ली हा फाईल सिस्टमचा बचावाचा पवित्रा आहे. आतल्या नोंदींचा भरवसा उरला नाही म्हणून ती लिहिणं थांबवते. त्या वेळी जबरदस्तीनं पुन्हा लिहिता करण्याच्या कमांड इंटरनेटवर शोधत बसू नका. कॉपी झाली की मग पुढे.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

फुकटातल्या तपासण्या

टर्मिनलमध्ये ‘सुडो डीमेसेज’ (सिस्टमचे निरोप दाखवणारी कमांड) चालवा आणि लाल-पिवळ्या ओळी वाचा. नुसतं ‘रीड-ओन्ली झालं’ एवढं पुरेसं नाही, कोणत्या डिस्कचं कोणतं पार्टिशन झालं ते बघा. बऱ्याचदा असं निघतं की लिनक्सचं पार्टिशन धडधाकट आहे आणि अडलंय ते विंडोजचं ‘डी’ ड्राइव्ह. घरात एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर हे हमखास होतं. विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असलं की शट डाउन केल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. एनटीएफएस पार्टिशन त्या अवस्थेत लिनक्सला लिहू देत नाही आणि ते बरोबरच आहे. विंडोजमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढा, एकदा नीट शट डाउन करा आणि पुन्हा लिनक्समध्ये या. एवढ्यावर भागलं तर पुढचं वाचायची गरज नाही, फाईल सिस्टम बदलायची तर मुळीच नाही.

मग जागा. बीटीआरएफएसवर मोकळी जागा दाखवणाऱ्या नेहमीच्या ‘डीएफ’ कमांडवर विसंबू नका, ‘बीटीआरएफएस फाईलसिस्टम युसेज’ ही कमांड चालवा. ही फाईल सिस्टम डिस्कची जागा आधी मोठ्या तुकड्यांत वाटून घेते. डेटाचे तुकडे साधारण एक-एक जीबीचे, मेटाडेटाचे वेगळे. सगळी जागा डेटाच्या तुकड्यांना वाटून झाली आणि ते अर्धवट रिकामे असले, तर मेटाडेटाला नवा तुकडा मिळत नाही. अशा वेळी शंभर जीबी मोकळे दिसत असताना एक छोटी टेक्स्ट फाईलही सेव्ह होत नाही. त्या यादीत ‘अनअलोकेटेड’च्या पुढे जवळपास शून्य आणि मेटाडेटा काठोकाठ भरलेला दिसला, की हेच दुखणं आहे असं धरून चाला.

उपाय दोन. आधी जुने स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या क्षणी गोठवून ठेवलेल्या फाईलींच्या अवस्था, डिलीट करा. स्नॅपशॉट घेताना जागा लागत नाही म्हणून लोक बिनधास्त घेत राहतात, पण नंतर तुम्ही चाळीस जीबीचा व्हिडिओ डिलीट केला तरी तो जुन्या स्नॅपशॉटमध्ये धरलेलाच असतो. ‘डिलीट केलं तरी जागा वाढत नाही’ या तक्रारीचं उत्तर दहात नऊ वेळा हेच असतं. आपोआप स्नॅपशॉट घेणाऱ्या ‘स्नॅपर’ या प्रोग्रामच्या मूळ सेटिंगमध्ये दर तासाचे दहा, रोजचे दहा, महिन्याचे दहा, वर्षाचे दहा असे स्नॅपशॉट राखले जातात. घरच्या २५६ जीबीच्या एसएसडीला हे झेपणारं नाही. तासाचे पाच आणि रोजचे सात ठेवा, महिन्याचे नि वर्षाचे शून्य करा. स्नॅपशॉट डिलीट केल्यावर जागा लगेच मोकळी होत नाही, मागे सफाई चालू असते, थोडा धीर धरा. मग ‘बॅलन्स’, म्हणजे या तुकड्यांची आवराआवर, चालवा, पण सगळ्या डिस्कवर नाही. ‘डी-युसेज’ला १० द्या, म्हणजे दहा टक्क्यांपेक्षा कमी भरलेले डेटाचे तुकडेच तेवढे आवरले जातील. नाही पुरलं तर २५, मग ५०. मेटाडेटाचा बॅलन्स उगाच करू नका, त्यानं पुढे हाच त्रास पुन्हा ओढवतो.

ईएक्सटी-४ वर जागेचा घोळ साधा असतो: पाच टक्के जागा मूळ सेटिंगप्रमाणे रूटसाठी, म्हणजे सिस्टमच्या मुख्य खात्यासाठी, राखीव असते. झेडएफएसवर पूल, म्हणजे तिचा डिस्कचा एकत्रित साठा, ऐंशी टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका, पुढे वेग पडत जातो.

वीज

यावर जरा वेळ घालवतो, कारण नाशिकमधल्या माझ्या अनुभवात मूळ इथेच सापडतं आणि इथेच कोणी बघत नाही.

कॉपी-ऑन-राइट पद्धतीच्या (बीटीआरएफएस, झेडएफएस) फाईल सिस्टम अचानक लाईट जाण्याला घाबरत नाहीत, असं तुम्ही वाचलं असेल. खरं आहे, पण एका अटीवर. नवा डेटा आधी नव्या जागी लिहायचा, तो खरोखर डिस्कवर पोचला याची खात्री करायची, मगच मुख्य नोंद बदलायची, असा तो क्रम असतो. डिस्कनं ‘लिहिलं’ म्हणून सांगितलं आणि डेटा अजून तिच्या कॅशमध्येच, म्हणजे तात्पुरत्या साठ्यातच, होता, तर लाईट जाताच तो क्रम मोडतो. वरचा ‘ट्रान्सआयडी’वाला निरोप बहुतेक अशाच हरवलेल्या लिखाणाचा असतो. स्वस्त यूएसबी केसमधल्या डिस्क यात आघाडीवर. म्हणून रोजची मुख्य फाईल सिस्टम यूएसबीवरच्या डिस्कवर ठेवू नका.

घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत असाल तर इन्व्हर्टरच्या पाठीमागे किंवा पुढे एक छोटं बटण शोधा. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर ‘नॉर्मल’ आणि ‘यूपीएस’ असे दोन मोड असतात. नॉर्मल मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो तो पंख्याला आणि ट्यूबलाइटला कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय वीज नसताना साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. जुना झाला, कपॅसिटर फुगले, की त्याहून कमी. मशीन बंद न पडता फक्त क्षणभर गडबडलं तरी डिस्कला झटका बसतो. बटण यूपीएस मोडवर करा. खर्च शून्य. इंदिरानगरमधल्या एका शिक्षक दाम्पत्याच्या घरी एवढंच केलं. वहिनी म्हणाल्या, ‘अहो दादा, ते बटण आम्ही कधी बघितलंच नव्हतं.’ इन्व्हर्टर बसवणाऱ्यानंही सांगितलं नव्हतं, नॉर्मल मोडवर बॅटरी कमी तक्रार करते म्हणून तो तसाच ठेवून गेला असावा.

स्क्वेअर वेव्हचा जुना इन्व्हर्टर असेल तर बटणानंही पूर्ण भागेलच असं नाही. आताचे ॲक्टिव्ह पीएफसीवाले पॉवर सप्लाय त्या विजेवर अडखळतात. तिथे साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो.

वेगळा यूपीएस असेल तर त्याची बॅटरी किती वर्षांची आहे ते बघा. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ती दोन-तीन वर्षांत दम सोडते. यूपीएसवर हिरवा दिवा असतो, म्हणून ती चांगली आहे असं होत नाही. तपासायची पद्धत अशी: मशीन रीस्टार्ट करून बायोसच्या स्क्रीनवर थांबवा म्हणजे कुठलीच डिस्क लिहिती नसेल, आणि भिंतीवरचं बटण बंद करा. पाच मिनिटं टिकलं तर ठीक. लगेच बंद पडलं तर नवी बॅटरी आणा, नव्या फाईल सिस्टमनं यात काही होणार नाही. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवरून काढा. आतला फ्यूजर (कागद तापवणारा भाग) तापताना तो जो भार घेतो त्यानं छोटा यूपीएस बसतो आणि सोबत कॉम्प्युटरही.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर इथेच थांबा. अर्थिंग नाही किंवा खराब आहे. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत हे सर्रास असतं. इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्वतः बोर्ड उघडू नका. डेटाचं नंतर बघू.

केबल, डिस्क, रॅम

‘स्मार्टसीटीएल’नं डिस्कचा अहवाल काढा. सगळे आकडे समजून घ्यायची गरज नाही, चार ओळी पुरतात. ५ क्रमांकाची ओळ म्हणजे डिस्कनं बाद करून बदललेले सेक्टर. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर. १९८ म्हणजे तपासात वाचता न आलेले. आणि १९९ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर झालेल्या चुका. ही शेवटची ओळ डिस्कबद्दल नसून केबलबद्दल बोलते, आणि हे न कळल्यामुळे चांगल्या डिस्क भंगारात गेलेल्या मी पाहिल्यात. १९९ चा आकडा कधी कमी होत नाही. म्हणून आजचा आकडा कागदावर लिहा, मशीन बंद करून पाठची वीज काढा, साटा केबल बदला, आठवड्यानं पुन्हा बघा. स्थिर राहिला तर दुखणं केबलचं होतं. केबल एम.जी. रोडवर शंभर-दीडशे रुपयांत मिळते. लॅचवाली घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना पत्र्याची चाप असलेली. साधी केबल कॅबिनेट हलवलं की सैल होते.

१९७ शून्याच्या वर असेल आणि दर काही दिवसांनी वाढत असेल, तर डिस्क जातेय. तिच्यावर कुठलीही फाईल सिस्टम टाकणं हा वेळेचा अपव्यय आहे. एनव्हीएमई एसएसडीवर हे क्रमांक नसतात. तिथे ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ ही ओळ शून्य हवी आणि ‘पर्सेंटेज युज्ड’ शंभराच्या बरंच खाली.

रॅमची तपासणी वेळखाऊ आहे, म्हणून ती शेवटी. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (रॅम वरच्या वेगावर चालवणारं सेटिंग) चालू असेल तर आधी ते बंद करून काही दिवस चालवून बघा. दुकानदारानं वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन काड्या जोडून वरच्या वेगावर चालवल्या असतील तर इथेच उलगडा होतो. नाहीतर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट घेऊन रात्रभर लावा. एकही लाल ओळ चालत नाही. ‘एकच तर एरर आहे’ हे इथे म्हणता येत नाही, कारण रॅममध्ये बिघडलेला ब्लॉक चेकसम काढण्याआधीच बिघडला असेल तर फाईल सिस्टम त्या बिघाडावरच इमानेइतबारे शिक्का मारते.

हे सगळं झाल्यावर ‘स्क्रब’ चालवा. बीटीआरएफएस आणि झेडएफएस दोन्हींत ही सोय आहे: सगळी डिस्क वाचून प्रत्येक चेकसम ताडला जातो. एक लक्षात घ्या, एकाच डिस्कवर स्क्रब चूक दाखवतो, फोटो दुरुस्त करत नाही; दुसरी प्रत असेल तरच दुरुस्ती होते. मेटाडेटाच्या मात्र एका डिस्कवरही बहुधा दोन प्रती असतात. डीमेसेजमध्ये बिघडलेल्या फाईलचं नाव येतं. ती बॅकअपवरून परत आणा. बीटीआरएफएसच्या ‘डिव्हाइस स्टॅट्स’ कमांडमधले आकडे टिपून शून्यावर आणा आणि महिन्यानं पुन्हा बघा.

आता निवडायला बसा

एकच डिस्क, मुलांचा अभ्यास, बँकेची कामं, थोडे फोटो आणि बॅकअपची शिस्त आहे, तर ईएक्सटी-४ उत्तम. २००८ पासून स्थिर आहे, बिघडली तर दुरुस्त करणारे भेटतात. जुनी म्हणून नाकं मुरडण्याचं कारण नाही.

अपडेटनंतर मशीन बिघडलं तर मागे जायची सोय हवी असेल, तर बीटीआरएफएस. फेडोरा या लिनक्सच्या डेस्कटॉपवर २०२० च्या ३३ व्या आवृत्तीपासून हीच मूळ निवड आहे. सोबत झेडएसटीडी कॉम्प्रेशन चालू करा. व्हर्च्युअल मशीनच्या मोठ्या फाईलींसाठी वेगळं फोल्डर करून त्यावर कॉपी-ऑन-राइट बंद करता येतं, पण मग त्या फाईलींचा चेकसमही जातो, हे समजून करा. दोन डिस्कचं रेड-१, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा, चालतं. रेड-५ आणि ६ च्या नादी लागू नका. आणि रेड-१ मधली एक डिस्क मेली तर मशीन आपोआप सुरू होत नाही, ‘डिग्रेडेड’ हा पर्याय हातानं द्यावा लागतो. हे आजच कागदावर लिहून ठेवा.

झेडएफएस मला वैयक्तिकरीत्या सगळ्यात भरवशाची वाटते, पण घरच्या डेस्कटॉपच्या मुख्य डिस्कवर मी ती सुचवत नाही. सन मायक्रोसिस्टम्स या कंपनीत जन्मलेली ही फाईल सिस्टम परवान्याच्या कारणामुळे लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नाही, बाहेरून जोडावी लागते. कर्नल अपडेट झालं आणि मोड्यूल त्याच्याशी जुळलं नाही, की पूल दिसेनासा होतो. डेटा शाबूत असतो, तुमचा जीव मात्र टांगणीला. आठ जीबी रॅमच्या मशीनवर ती रॅम भरपूर वापरताना दिसेल. ती कॅश आहे, गरज पडली की सोडते. फोटोग्राफर असाल आणि दोन सारख्या डिस्कचा मिरर फक्त कामाच्या डेटासाठी करणार असाल, तर मात्र डोळे झाकून हीच घ्या.

एक्सएफएस मोठ्या व्हिडिओ फाईलींना छान, पण पार्टिशन नंतर लहान करायचं म्हटलं तर अडतं. बीकॅशएफएस २०२४ च्या सुरुवातीला ६.७ कर्नलमध्ये आली आणि २०२५ मध्ये बाहेरही काढली गेली. घरच्या मशीनवर आत्ता नको.

कुठे थांबायचं

डिस्कमधून टकटक आवाज येतोय: वीज बंद, पुन्हा चालू करून बघायचं नाही. फ्रीजरमध्ये ठेवणं, ठोकणं वगैरे करू नका. थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे.

डिस्क आवाज करत नाही पण माउंटच होत नाही, म्हणजे सिस्टमला जोडली जात नाही, आणि बॅकअप नाही: ‘बीटीआरएफएस चेक’ला ‘रिपेअर’ जोडून चालवू नका. ती कमांड शेवटचा उपाय आहे, आणि नीट माहिती नसताना चालवली तर वाचण्यासारखं होतं तेही जातं. ‘झीरो-लॉग’ ही लॉग पुसणारी कमांडही अंदाजानं नको. फार तर रीड-ओन्ली माउंटचे ‘रेस्क्यू’ पर्याय आणि ‘बीटीआरएफएस रिस्टोर’ वापरून दुसऱ्या डिस्कवर फाईली उतरतात का ते बघा. १९७ वाढत असेल तर तेही नको. आधी ‘डीडीरेस्क्यू’नं संपूर्ण डिस्कची प्रत काढायची आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर. हे जमणार नसेल तर माणूस गाठा.

माणूस गाठताना त्याला दुरुस्तीच्या कामाबद्दल न विचारता आधी एवढंच विचारा की तुम्ही लिनक्सच्या डिस्क हाताळता का. विंडोजच्या मशीनला बीटीआरएफएस किंवा झेडएफएसची डिस्क लावली की ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा’ असा चौकोन येतो, आणि दुकानात गर्दी असली की पोरगं सवयीनं ‘हो’ दाबतं. म्हणून डिस्क देण्याआधी तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून पेनानं लिहा: लिनक्स, फाईल सिस्टम कोणती, एनक्रिप्शन आहे की नाही, फॉरमॅट करू नये. एनक्रिप्शन असेल तर पासवर्ड चिकटपट्टीवर लिहू नका, समोर बसून टाका.